एक गाठ काढायची, एक मारायची

“ऑपरेशन दुर्बिणीनं झालं हो, चारच भोकं!” विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात हे कौतुक आपण ऐकतो. भोकं लहान, हे खरंच. बेंबीजवळचं साधारण 1 सेंटिमीटरचं, बाजूची 5 मिलिमीटरची. पण गर्भाशयातली गाठ, म्हणजे फायब्रॉइड, काढल्यावर जी पोकळी उरते, ती शिवावीच लागते. तो टाका कच्चा राहिला, तर पुढच्या बाळंतपणात गर्भाशय तिथेच फाटू शकतं.

पोट उघडलं की डॉक्टर बोटांनी चाचपून लपलेली गाठ शोधतात. दुर्बिणीत बोट पोचत नाही. म्हणून आधीची सोनोग्राफी महत्त्वाची. गाठी जास्त किंवा खोलवर असतील, तर एमआरआय. आतल्या अस्तरापासून गाठ किती लांब आहे, हे त्यात कळतं.

आता पडदा. साध्या पडद्यावर सगळं मोठं दिसतं, पण सपाट. सुई किती खोल गेली, हे सवयीनंच ओळखायचं. फोर-के पडद्यामुळे बारकावे दिसतात. खोली दिसते ती थ्रीडीत, खास चष्मा लावून.

आणि हात? हात डावीकडे नेला की हत्याराचं टोक उजवीकडे जातं! अशा उलट्या चालीनं गाठ मारायची. म्हणून काटेरी दोरा आला. त्याचे बारीक काटे मांसात रुततात, दोरा मागे सरकत नाही, गाठ लागत नाही. वेळ वाचतो, तेवढा रक्तस्रावही कमी. मात्र त्याचं टोक बाहेर राहिलं, तर आतडं अडकू शकतं. म्हणून दोऱ्याचं टोक आखूड कापावं लागतं. साधा विरघळणारा दोरा स्वस्त, पण गाठीला कसबी हात हवा.

2017 मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूनं आईचं गर्भाशय दुर्बिणीतून काढून लेकीला बसवलं. तिथंही रक्तवाहिन्या जोडायला लेकीच्या पोटावर छेद घेतलाच. छेद केवढा, हे आतलं शिवणकाम ठरवतं.

तेव्हा मैत्रिणींनो, फायब्रॉइडच्या ऑपरेशननंतर घरी जाताना कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: गाठ किती खोल होती, अस्तर उघडलं का, आणि टाके किती थरांत घातले. पुढं दिवस राहिले, की तो कागद पहिल्याच तपासणीला सोबत न्या. बेंबीवरचा व्रण डॉक्टरांना यातलं काहीच सांगणार नाही.