सिझरची तयारी आठव्या महिन्यात

(लोणंद परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

बाळंतीण बघायला आपण जातो तेव्हा पहिला प्रश्न असतो, मुलगा का मुलगी? आणि दुसरा, नॉर्मल का शिजर? पहिल्या प्रश्नावर आपल्या चळवळीने पुष्कळ रान उठवलं. दुसऱ्यावर मात्र आपण फारशा बोललेलो नाही. उत्तर 'शिजर' आलं की खोलीत एक 'अरेरे' उमटतो. मग कुणीतरी आजी सांगते, आम्ही खुरपता खुरपता बाळंत व्हायचो आणि बाराव्या दिवशी पाण्याला जायचो. ते खरंही असेल. पण ज्या बाळंतपणात दगावल्या, त्या सांगायला आज इथे नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्या गटातल्या एका मैत्रिणीला विचारलं, सिझर झालं तेव्हा सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला? मला वाटलं टाक्यांचं सांगेल. ती म्हणाली, "ताई, मला कुणी काही सांगितलंच नाही. बाहेर नवरा, सासरे, माझा भाऊ, सगळ्यांचं बोलणं झालं, पैशाचं झालं, सही झाली. मला फक्त गाऊन बदलायला सांगितला." आज मी बोलणार आहे ते या वाक्याबद्दल.

आधी थोडे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बाळंतपणांतली साडेएकवीस सिझरने झाली. त्याच्या आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हा आकडा सतरा होता. सरकारी दवाखान्यात शंभरात चौदा आणि खाजगीत सत्तेचाळीस. तेलंगणात एकूण साठ आणि बिहारमध्ये दहासुद्धा नाहीत. आता तेलंगणातल्या बायांची हाडं वेगळी आणि बिहारमधल्यांची वेगळी असं तर नाही! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की सिझरचं प्रमाण एकूण बाळंतपणांच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढतं तोवर आई आणि बाळ दगावण्याचं प्रमाण कमी होताना दिसतं. त्याच्या वर गेल्यावर तसा फायदा दिसत नाही. म्हणजे आपल्याकडे दोन अन्याय एकाच वेळी चालू आहेत. जिला गरज नाही तिचं पोट कापलं जातं, आणि जिला गरज आहे तिला वेळेत टेबल मिळत नाही. २०१७ साली मुंबईच्या सुवर्णा घोष यांनी, प्रत्येक इस्पितळाने आपला सिझरचा आकडा जाहीर करावा, अशी मागणी करणारा अर्ज काढला. त्यावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. ही मागणी आपण आपल्या तालुक्यातही करू शकतो.

पण म्हणून 'सिझर म्हणजे डॉक्टरांचा धंदा' असं सरसकट म्हणणं मला मान्य नाही. बाळ आडवं असेल, वार खाली येऊन तोंडाशी बसली असेल, झटके येण्याइतकं ब्लडप्रेशर चढून लगेच बाळंतपण करणं भाग असेल, बाळाचे ठोके घसरत असतील, कळा येऊनही तासन् तास तोंड उघडत नसेल, तर सिझरने दोन जीव वाचतात. पायाळू बाळ, आधीचं सिझर, जुळं, यांत तपासून ठरवावं लागतं. मात्र 'बाईची उंची कमी आहे', 'नाळ गळ्याशी आहे' एवढ्या एकाच कारणावर आधीच तारीख दिली तर जरूर प्रश्न विचारा. पुष्कळ बाळांच्या गळ्याशी नाळ असते आणि ती सुखरूप जन्मतात. आणि मुहूर्त काढून सिझर करायचा जो नवा प्रकार सुरू झालाय, त्याबद्दल स्पष्टच सांगते. कारण नसताना एकोणचाळीस आठवडे भरायच्या आत बाळ बाहेर काढलं तर त्याला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. मुहूर्त सासूच्या आवडीचा असला तरी पेटीत आपलं बाळ राहतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न साधे आहेत. का करायचं? आत्ताच का, दोन तास थांबलं तर काय होईल? थांबण्यात धोका कुणाला, मला का बाळाला? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. खरी घाई असेल तर तो दोन वाक्यांत सांगेल, आणि मग वाद न घालता ऐकायचं. हे प्रश्न कळा देणाऱ्या बाईला सुचणार नाहीत, म्हणून सोबत जाणारीला ते पाठ असले पाहिजेत.

आता तयारी. आठव्या महिन्यात, ओटभरण उरकलं की, एका संध्याकाळी घरातली सगळी माणसं बसवा. त्यात ती स्वतः हवीच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सगळ्या तपासण्या सासरच्या गावी झालेल्या, माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे कागद तिथल्या कपाटात, आणि पोरगी इथे. कागदांची पिशवी तिच्याबरोबरच फिरली पाहिजे. माहेरी आल्यावर पहिल्या आठवड्यात इथल्या आशाताईकडे नाव नोंदवायचं आणि एक तपासणी करून घ्यायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून. ती चुकवू नका.

मग जागा ठरवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं, सिझर होत नाही. सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ लागतो, भूल देणारा लागतो, रक्ताची सोय लागते. तेव्हा आधीच विचारून ठेवा: वेळ आली तर आम्हाला कुठे पाठवाल, फलटणला का साताऱ्याच्या सिव्हिलला? रात्री भूलतज्ज्ञ असतात का? खाजगी लहान दवाखान्यात तर भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून बोलावतात. ते कुठून येतात, किती वेळात येतात, हे विचारायला लाजू नका. लग्नाच्या बँडवाल्याला आपण दहा वेळा विचारतो.

गाडीचं. १०८ आणि १०२ हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत, आणि शिवाय गावातल्या एका जीपवाल्याशी बोलणं झालेलं हवं. आपल्या लोणंदचं एक वेगळंच आहे. माउलींची पालखी मुक्कामाला असते त्या दिवसांत नीरेपासून फलटणपर्यंत रस्त्यावर माणसंच माणसं. तारीख त्या आसपासची असेल तर आधीच रुग्णालयाच्या गावी पाहुण्यांकडे जाऊन राहणं शहाणपणाचं. ऊस सुरू असताना ट्रॉल्यांची रांगही तशीच, रात्रीच्या वेळी तर जास्तच.

रक्ताचं मी दोन भागांत सांगते. पहिला भाग नवव्या महिन्याच्या आधीचा. आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी असतं. कांद्याच्या शेडमध्ये दिवसभर वाकून निवडायला बसणारी, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणारी बाई टेबलावर जाते, तेव्हा तिचं थोडं रक्त गेलं तरी जड जातं. लोहाच्या गोळ्या, शेंगदाणे, पालेभाजी, अंडी, ही सिझरचीच तयारी आहे. नॉर्मल झालं तरी वाया जात नाही. दुसरा भाग: रक्तगट माहीत हवा, निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आठवण करायची, आणि रक्त द्यायला तयार अशी दोन-तीन माणसं आधी सांगून ठेवायची.

पैसा. सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सिझरसुद्धा मोफत आहे. ऑपरेशन, औषधं, तपासण्या, रक्त, सिझर झाल्यास सात दिवसांपर्यंतचं जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं. बाहेरून औषध आणा म्हणून चिठ्ठी दिली तर ती जपून ठेवा आणि लेखी तक्रार करा. खाजगीत जाणार असाल तर आकडा फोडून विचारा: ऑपरेशनचे किती, भुलीचे किती, खोलीचे रोजचे किती, बाळाला पेटीत ठेवावं लागलं तर रोजचे किती. रात्री दोन वाजता दागिने गहाण टाकता येत नाहीत, आणि टाकले तर ते बहुतेक तिचेच असतात.

आता सहीकडे येते. आपल्याकडे समज असा की सही नवऱ्याची, नाहीतर बापाची. मैत्रिणींनो, अठरा वर्षांवरच्या शुद्धीत असलेल्या बाईच्या शरीरावरच्या ऑपरेशनला संमती तिची लागते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या खटल्यात हे स्वच्छ सांगितलं. दिल्लीतली ही बाई तपासणीसाठी भुलीखाली होती, डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं. न्यायालय म्हणालं, ती सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होतं, जिवावरचा प्रसंग नव्हता, तेव्हा आईची संमती ही तिची संमती नव्हे. जिवावर बेतलेलं असेल आणि बाई बेशुद्ध असेल तर डॉक्टरांना थांबायची गरज नाही, हेही खरं. पण एरवी कागद तिच्या हातात आला पाहिजे, तिला मराठीत वाचून दाखवला पाहिजे.

याच्याच शेजारी दुसरी गोष्ट असते. 'पोट उघडलंच आहे तर कुटुंबनियोजनाचं ऑपरेशनही उरकून टाका.' कधी ते बाईला हवंच असतं, काही हरकत नाही. पण हा निर्णय कळा चालू असताना घ्यायचा नाही, सरकारी नियमही तेच सांगतो. तो आठव्या महिन्यातल्या त्या बैठकीतच घ्या. त्याला नवऱ्याची संमती लागत नाही, आणि नवऱ्याच्या किंवा सासूच्या हुकुमाने ते करताही येत नाही. तांबी बसवायची तरी तेच.

भीतीबद्दल थोडं. आत काय होतं ते माहीत असलं की निम्मी भीती जाते. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात. तुम्ही जाग्या असता. ओढल्यासारखं, दाबल्यासारखं कळतं, कापल्याचं दुखत नाही. दुखलं तर तसं लगेच सांगायचं. लघवीला नळी घालतात. पडदा असतो, काही दिसत नाही. बाळ पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बाहेर येतं, पुढचा वेळ शिवण्याचा. अंगाला थरथर सुटते, पुष्कळजणींना सुटते. त्या इंजेक्शनने जन्मभर पाठ दुखते ही समजूत खरी नाही. काहींना थोडे दिवस डोकं दुखतं, ते सांगितलं की उपाय होतो. सोबतीण कळांच्या खोलीत थांबू द्यावी असं केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांना कळवलेलं आहे. ऑपरेशनच्या खोलीत परवानगी मिळेलच असं नाही, पण बाळ आधी मला दाखवा, छातीशी द्या, हे आधीच सांगून ठेवता येतं.

घरी आल्यावर खरी कसोटी. 'टाक्यांत पू होईल' म्हणून डाळ, भात, तूप, अंडी बंद करतात. अगदी उलट आहे. जखम भरायला डाळ-अंडी लागतात. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर खुशाल द्या. शेगडीची धग आणि धूर मात्र जखमेपासून लांब. खोकताना पोटाशी उशी धरायची. कुशीवर निजून किंवा बाळाला काखेखाली घेऊन पाजलं की टाक्यांवर भार येत नाही. चीक पाजायचाच, दूध एखादा दिवस उशिरा उतरलं तर डब्याच्या मागे लागायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून हळूहळू चालायचं, पण हंडा, कळशी, गवताचा भारा दीड महिना नाही. म्हणजे नाही. हे नवऱ्याला ऐकवायला मी आज मुद्दाम जोरात बोलते आहे, बाहेर दोघं-तिघं उभे आहेत.

ताप आला, टाके लाल झाले, पू आला, अंगावरून घाण वास येऊ लागला, तासाला एक घडी भिजू लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, डोकं फुटतंय आणि डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तरी तेराव्याची, बारशाची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आणि मन. काहीजणींना खूप रडू येतं. काहीजणींना बाळ आपलं वाटतच नाही, आपण कमी पडलो असं वाटतं. पहिले काही दिवस हे होतं आणि ओसरतं. पंधरा दिवसांनंतरही ओसरलं नाही, झोप-अन्न तुटलं, किंवा स्वतःला काही करून घ्यावंसं वाटलं, तर त्याला 'नखरे' म्हणायचं नाही. ते दुखणं आहे. आशाताईला सांगा, डॉक्टरांना सांगा, १४४१६ हा टेलिमानसचा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात.

शेवटचं, सुटी मिळताना मिळालेला कागद जपा. सिझर का झालं, टाका कसा घेतला, ते त्यावर असतं. पुढच्या वेळी दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर असेल आणि पहिलं कारण पुन्हा उभं नसेल, तर पुष्कळजणींची दुसरी खेप नॉर्मल होऊ शकते, मात्र सिझरची सोय असलेल्या ठिकाणीच. 'एकदा सिझर की कायम सिझर' असं कुणी सांगितलं तर तो कागद पुढे ठेवून विचारता येतं. आपल्या गटाने एक काम घ्यावं असं मला वाटतं. प्रत्येक आठव्या महिन्यातल्या बाईकडे आपल्यातल्या दोघींनी जायचं, कागदांची पिशवी बघायची, गाडी, रक्त, सोबतीण ठरलीय का विचारायचं. यादी मी आणली आहे. ज्यांच्या घरात, शेजारी सध्या कुणी दिवसांत आहे त्यांनी चहा झाल्यावर नावं सांगा.