दातांची दुखापत आणि आपला विमा



विम्याविषयी चार शब्द बोलावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. त्यातील दातांचेच प्रकरण आम्ही निवडले आहे, कारण पॉलिसीतील ते कलम बहुधा दुखापत झाल्यावरच वाचले जाते.

अकोल्याहून अमरावतीस दुचाकीने निघालेला एखादा तरुण मूर्तिजापूरजवळ पडला, असे समजा. जबडा मोडला आणि रुग्णालयात ठेवून शस्त्रक्रिया करावी लागली, तर आरोग्यविमा बहुधा तो खर्च देतो. अपघातास आरंभीच्या 30 दिवसांची प्रतीक्षाही लागू नसते. परंतु केवळ समोरचा दात निखळला तर? तो दंतवैद्याच्या खुर्चीवरच पुन्हा बसविला जातो. मग 24 तास दाखल राहण्याची अट पुरी व्हावी कशी? ज्या त्वरित उपचाराने दात वाचतो, नेमका त्याचाच खर्च विम्याबाहेर राहतो, हे आम्हांस विपरीत वाटते. 2020 साली आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाण पॉलिसीत दंतोपचाराचा उल्लेख आहे खरा, पण तोही दाखल झाल्यासच. बाह्यरुग्ण उपचाराचे कलम जादा हप्ता भरून घेतले असेल, तरच काही आशा. कीड, कवळी यांची तर गोष्टच नको.

राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 साली प्रथम ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत अमरावती होता. अकोल्यास ती 2013 च्या नोव्हेंबरात मिळाली. आज महात्मा फुल्यांच्या नावाने चालणाऱ्या त्या योजनेचाही रोख रुग्णालयातील मोठ्या उपचारांकडेच आहे. परदेशी शिकावयास जाणाऱ्या मुलांच्या प्रवासविम्यात मात्र आकस्मिक दंतवेदनेसाठी पुष्कळदा ठरावीक रक्कम असते. ती किती, हे निघण्यापूर्वी पाहावे.

माताभगिनींनी एवढे ध्यानी ठेवावे: निखळलेला कायमचा दात मुळाशी धरू नये, घासू नये, दुधात बुडवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. दुधाचा दात पुन्हा बसवीत नाहीत. अमरावतीस आणि अकोल्यास दंत महाविद्यालये आहेत, त्यांचाही विचार करावा. इजा अपघातानेच झाली, असे डॉक्टरांकडून त्याच दिवशी लिहून घ्यावे आणि क्ष-किरण चित्र व पावत्या जपाव्यात. कंपनीने दावा नाकारला, तर कारण लेखी मागावे. विमा लोकपालाकडे तक्रार करण्यास शुल्क पडत नाही, वकीलही लागत नाही.