विदुर हुकला, कृष्ण लाभला
(निमगाव केतकीच्या मुक्कामी दिंडीत केलेले बोलणे)

आम्ही शेतकरी, चौथी शिकलेले. पोथीतलं थोडं, डोळ्यांनी बघितलेलं जास्त सांगतो.

काल बारामतीहून निघताना आपल्यातलं एक पोरगं रुसलं. त्याला वीणा पाहिजे होती, वाट्याला आला पाण्याचा टँकर. काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण झालं, आज बेलवाडीत घोडा पळाला. यानं मान वर केली नाही. गोष्ट त्याच्यासाठी आहे.

२ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर महाभारत सुरू झालं. रविवारी सकाळी आम्ही उसाचं पाणी दुसऱ्यावर सोपवून टीव्हीवाल्याच्या घरी पळायचो. दारात चपलांचा ढीग. कृष्ण दिसला की म्हातारी माणसं हात जोडायची.

तो कृष्ण म्हणजे नितीश भारद्वाज. मराठी नाटकातला गडी, आणि शिक्षणानं कोण? जनावरांचा डॉक्टर! मुंबईच्या रेसकोर्सवर घोड्यांचं दवापाणी करायचा. तिथं मन रमेना, म्हणून नोकरी सोडली.

बी. आर. चोप्रांच्या महाभारतात त्याला आधी विदुराचं काम ठरलं होतं. हा गेला, तर विदुराच्या वेषात वीरेंद्र राजदान आधीच तयार! पुढं नकुल-सहदेवाचं विचारलं, ते यानं घेतलं नाही. मनात अभिमन्यू होता. मग कृष्णासाठी बोलावणं आलं, तर हाच कचरला. वय पंचविशीच्या आत. एवढ्या मोठ्या कामाला जाणता नट घ्या, म्हणाला. शेवटी परीक्षा दिली आणि निवड झाली. विदुर मिळाला असता तर हा कृष्ण आपल्याला दिसला असता का?

आता कुणी म्हणेल, महाराज, त्यानं नकुल नाकारला, मग आम्ही टँकर का घ्यावा? बरोबर आहे. नटानं काम निवडावं, वारकऱ्यानं सेवा घ्यावी. पण एक गोष्ट दोघांना सारखी. जागा गेली म्हणून वाट सोडायची नाही.

आम्हालाही कीर्तनाला उभं राहायचं होतं. पहिल्या सात वाऱ्या चुलीला जाळ घालण्यात गेल्या. एकदा रागानं इंदापुरातून घराकडं निघालोही होतो. एका म्हातारीनं हाताला धरलं, म्हणाली, "बाळा, भाकरी कोण भाजंल?" परत फिरलो, म्हणून आज तुमच्यापुढं उभे आहोत.

दिंडीला शंभर वर्षं झाली. कुणीतरी रोज पाणी भरलं, म्हणून वीणा कधी खाली टेकली नाही. उद्या इंदापूरला टँकर वेळेवर पोचव, बाळा. रामकृष्ण हरी.