यंत्र थांबवण्याचा अधिकार



कामगाराचा हात उत्पादन करतानाच जातो, हा समज अपुरा आहे. साफसफाई, तेलपाणी, दुरुस्ती या वेळीही पुष्कळ हात जातात.

मुंबईच्या कापड गिरण्यांतले कार्डिंग खाते आठवावे. वीज तोडल्यावरही कार्डाचा अवजड सिलिंडर आपल्याच वेगाने बराच वेळ फिरत राही. त्याच्या दातेरी तारांत गुंतलेला कापूस काढायला गेलेली बोटे क्षणात ओढली जात. 1948 च्या कारखाना कायद्याच्या 22 व्या कलमाने चालू यंत्राची तपासणी खास शिकवलेल्या, घट्ट कपडे घातलेल्या प्रौढ कामगारापुरती मर्यादित केली होती. परंतु यंत्र थांबवले तर जॉबर उद्या बोलावील काय, ही बदली कामगाराची धास्ती कोणत्या कलमात बसणार? अपघातानंतर चौकशीच्या कागदावर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहिले जाते. मालकाच्या घाईसाठी त्या कागदावर रकाना नसतो.

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याने अंगठा गेला म्हणजे 30 टक्के कमाईची क्षमता गेली, असे धरले. अंगठ्यावाचून तुटलेला धागा सांधायचा कसा, याचे उत्तर परिशिष्टात नव्हते.

दुरुस्तीपूर्वी वीज तोडून स्विचला कुलूप लावावे, किल्ली यंत्रात हात घालणाऱ्याच्याच खिशात असावी, चाक पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये आणि बंद वेळेची पूर्ण मजुरी मिळावी. कुलूप स्वस्त आहे, ते मालक देईलही. मजुरीसाठी त्याच्या खिशाला हात लागतो, म्हणून युनियनच्या मागणीपत्रात तीच मागणी आधी हवी.