शहर वाढले, सभागृहही वाढले पाहिजे



पाणी, कचरा, मालमत्ता कर, आरोग्य या विषयांवर आपण नागरी प्रशासनाच्या या परिषदेत चर्चा करणार आहोत. या सगळ्यांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न मला आज मांडायचा आहे. महानगरात किती माणसांमागे एक नगरसेवक असावा, आणि ते कोणी ठरवावे?

मुंबईचाच इतिहास पाहू. 1872 च्या कायद्याने महापालिकेत 64 सभासद आले आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. 1888 च्या कायद्याने ही संख्या 72 झाली. 1922 मध्ये ठरावीक भाडे भरणाऱ्या भाडेकरूंना मत मिळाले, तेव्हा सभागृह 106 जणांचे झाले. 1948 ची निवडणूक प्रौढ मताधिकारावर झाली. पुढे उपनगरे महापालिकेत आली, मुलुंड आणि दहिसरपर्यंत हद्द गेली. 1963 मध्ये सभासद 140 झाले, 1982 मध्ये 170 आणि 1991 मध्ये 221. कधी मताचा हक्क रुंदावला, कधी हद्द वाढली, कधी वस्ती. सभागृहाने दर वेळी नव्या नागरिकांसाठी जागा केली. 2002 मध्ये संख्या 227 झाली आणि तिथेच थांबली.

आता लोकसंख्येशी ताडून पाहा. 1961 च्या जनगणनेत बृहन्मुंबईत साडेएकेचाळीस लाख लोक होते. 140 सभासद धरले तर एका नगरसेवकामागे सुमारे 30 हजार माणसे येत. 1991 च्या जनगणनेनुसार हे प्रमाण 45 हजारांवर गेले. 2011 च्या जनगणनेत शहर 1 कोटी 24 लाखांचे झाले आणि एका नगरसेवकामागे जवळपास 55 हजार माणसे आली. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही.

हा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याची ओळख आहे, तो थेट विभाग कार्यालयात साहेबांना भेटतो. गोवंडी-मानखुर्दच्या वस्तीत नळजोडणीसाठी, सार्वजनिक शौचालयाच्या दुरुस्तीसाठी, दवाखान्यात डॉक्टर यावा म्हणून धडपडणाऱ्या बाईला नगरसेवकाचे कार्यालय हाच एक दरवाजा असतो. प्रभाग मोठा झाला की त्या दरवाजापुढची रांग लांबते, आणि रांगेत मागे राहतात ती नेहमी तीच माणसे. म्हणून नगरसेवकांच्या संख्येचा प्रश्न मी सामाजिक न्यायाचा प्रश्न मानतो.

ही संख्या ठरते कशी, तेही पाहू. 2021 मध्ये तत्कालीन राज्य सरकारने 227 च्या 236 जागा केल्या. आधार होता 2001 ते 2011 या दशकातल्या लोकसंख्यावाढीचा. 2022 मध्ये सरकार बदलले आणि संख्या पुन्हा 227 झाली. प्रकरण न्यायालयात गेले. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती. प्रभागांचा वाद आणि ओबीसी आरक्षणाचा पेच यांत निवडणूक जानेवारी 2026 पर्यंत लांबली. जवळजवळ चार वर्षे देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. दोष एका पक्षाचा नाही. मुंबईच्या कायद्यात सभासदांचा ठोक आकडा लिहिलेला आहे. तो बदलण्याची किल्ली मंत्रालयात आहे, हा खरा दोष आहे. राज्यातल्या इतर महापालिकांना लागू असलेल्या 1949 च्या अधिनियमात निदान लोकसंख्येच्या टप्प्यांनुसार संख्या ठरते.

पण नुसती संख्या वाढवूनही भागत नाही. पुण्यात 165 नगरसेवक आहेत, पण प्रभाग 41. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आणि प्रत्येकी ऐंशी हजारांहून अधिक वस्तीचे. रस्ता उखडला तर चौघांपैकी जाब कोणाला विचारायचा? कामाचे श्रेय चौघे घेतात, जबाबदारी एकही घेत नाही. मुंबईने एक प्रभाग, एक सदस्य ही पद्धत राखली आहे. ती राज्यभर आली पाहिजे.

परदेशातही हा प्रश्न आहे. लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेत 1925 च्या सनदेपासून 15 सदस्य आहेत. तिथे आज एका सदस्यामागे अडीच लाखांहून अधिक लोक येतात. न्यूयॉर्कने मात्र 1991 मध्ये 35 जागांच्या 51 केल्या आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो समाजांचे प्रतिनिधी अधिक संख्येने सभागृहात पोहोचले.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. 1991 चे 45 हजारांचे प्रमाण परत आणायचे, तर 2011 च्या लोकसंख्येवर सुमारे 50 नगरसेवक वाढतील. दरमहा 25 हजार मानधन धरले तर वर्षाला दीड कोटी रुपये होतात. 2025-26 चा महापालिकेचा अर्थसंकल्प 74 हजार कोटींच्या पुढे आहे. दुसरा आक्षेप गोंधळाचा. सभागृहाचे खरे काम समित्यांत चालते. माणसे वाढली तर प्रभाग समित्या लहान करता येतील आणि त्यांना वस्तीकडे बारकाईने पाहता येईल. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: 1888 च्या कायद्याने कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आहेत, मग सभासद वाढवून काय होणार? अधिकार मागावेच लागतील, त्याबद्दल दुमत नाही. पण ते मागायला लोकांशी जोडलेले सभागृह लागते, आणि 74 व्या घटनादुरुस्तीचे उरलेले काम अशा सभागृहाच्या रेट्याशिवाय पुढे सरकणार नाही.

नव्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. आकडे हाती आले की प्रत्येक पक्ष आपला फायदा मोजू लागेल. म्हणून नियम त्याआधी ठरला पाहिजे. या परिषदेने तीन मागण्यांचा ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. एक, मुंबईच्या कायद्यातला ठोक आकडा काढून 45 हजार लोकसंख्येमागे एक नगरसेवक हे प्रमाण लिहावे आणि प्रत्येक जनगणनेनंतर संख्या आपोआप ठरावी. दोन, प्रभागरचनेचा पूर्ण अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे असावा. तीन, राज्यभर एकसदस्यीय प्रभाग असावेत.

आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या शहराचे आकडे मांडावेत, आपल्या आमदारांपुढे ठेवावेत आणि जनगणनेआधी हा कायदा व्हावा म्हणून पाठपुरावा करावा. अभ्यासकांनी हे काम अंगावर घेतले, तर ही परिषद सार्थकी लागली असे मी मानेन.