रेडिएटर शोभेल, पण खोली तापेल का?



आजचा विषय आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे, पण थंडी पडेपर्यंत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. भिंतीवरचा तो चपटा, पांढरा रेडिएटर! इथे इंग्लंडमध्ये आपल्यापैकी बऱ्याच जणांनी व्हिक्टोरियन किंवा एडवर्डियन काळातली घरं घेतली आहेत. उंच छत, बे विंडो, जुनी फायरप्लेस आणि मधेच तो पांढरा पत्रा. मग वाटतं, इथे उभ्या नळ्यांचे, जुन्या धाटणीचे कॉलम रेडिएटर बसवावेत. शोभतात, यात शंका नाही. पण ते बसवल्यावर जानेवारीत खोली पुरेशी तापेल का, हे मागणी नोंदवण्याआधी बघायला हवं.

गंमत म्हणजे, आपल्या साध्या टेरेस घरांमध्ये हे रेडिएटर मुळात नव्हतेच. तिथे कोळशाची शेगडी असायची. बिडाचे रेडिएटर असायचे ते शाळा, इस्पितळं, चर्च आणि श्रीमंतांच्या हवेल्यांमध्ये. त्यामुळे "अस्सल बिडाचाच हवा" असा हट्ट धरायचं कारण नाही. पोलादी कॉलम रेडिएटरही तसाच दिसतो, वजनाला बराच हलका असतो आणि लवकर तापतो. बिडाचं तुम्हाला तव्यावरून माहीत आहेच. उशिरा तापतो, उशिरा निवतो. दिवसभर घरी माणसं असतील तर ते छान. पण सकाळी तासभर आणि संध्याकाळी तीन तास हीटिंग लावणाऱ्या घराला पोलादी बरा. शिवाय बिडाचा मोठा रेडिएटर पाण्यासकट 100 किलोच्या वर जाऊ शकतो. खाली जुनी लाकडी जमीन असेल, तर ती हे वजन पेलेल का, हे आधी जाणकाराला दाखवा.

मी आयटी सल्लागार. आमच्याकडे आधी गरज लिहून काढतात, स्क्रीनचा रंग नंतर ठरतो. इथेही तसंच करा. खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडक्या, बाहेरच्या भिंती यांवरून किती वॉट उष्णता लागते ते काढा. रेडिएटर विकणाऱ्यांच्या वेबसाइटवर हे गणित करून मिळतं. दुकानदार बीटीयूमध्ये बोलला, तर 1 किलोवॉट म्हणजे ताशी सुमारे 3412 बीटीयू. आणि एक लक्षात ठेवा: मागे पन्हळी पत्रा असलेला दुहेरी पॅनेल काढून तेवढ्याच लांबी-उंचीचा दोन कॉलमचा रेडिएटर लावला, तर उष्णता साधारणपणे कमी मिळते. मग तीन किंवा चार कॉलमचा घ्या, नाहीतर लांबी वाढवा. क्रोमची चकाकी असलेला आणखी कमी उष्णता देतो. साधा रंग कुठलाही चालतो.

आता कॅटलॉगमधली बारीक अक्षरं. तिथे 'डेल्टा टी 50' असं लिहिलेलं असतं. म्हणजे रेडिएटरमधलं पाणी सरासरी 70 अंश आणि खोली 20 अंश. काही जण आकडा 'डेल्टा टी 60'वर देतात, तो मोठा दिसतो. तुलना करताना त्यातून साधारण पाचवा हिस्सा वजा करा.

पुढे हीट पंप बसवायचा विचार असेल, तर हे जास्तच महत्त्वाचं. त्यात पाणी कमी तापवलेलं परवडतं. जून 2022 पासून इंग्लंडच्या बांधकाम नियमांतही नवी किंवा पूर्ण बदललेली हीटिंग व्यवस्था शक्यतो 55 अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालेल अशी आखायची आहे. 55 अंशांनी आत गेलेलं पाणी 45 ने परत आलं, तर सरासरी 50, म्हणजे खोलीपेक्षा फक्त 30 अंश जास्त. तेव्हा 1500 वॉटचा रेडिएटर जेमतेम 770 वॉट देतो. आज फक्त दिसण्यावरून घेतला, तर काही वर्षांनी तोच काढून मोठा लावावा लागेल. खर्च दोनदा.

प्लंबरला बोलावण्याआधी दोन्ही पाइपांमधलं अंतर मोजा आणि नव्या रेडिएटरची व्हॉल्व्हसकट रुंदी विचारा. जुळलं नाही तर पाइप हलवावे लागतात, म्हणजे फरशी किंवा फळ्या उघडणं आलं. व्हॉल्व्ह जुन्या चाकासारखा हवा असेल तर जरूर घ्या, पण आत थर्मोस्टॅट असलेला, तसे मिळतात. काम झाल्यावर पाण्यात गंजरोधक औषध पुन्हा घातलं का, आणि सगळे रेडिएटर सारखे तापतील असं बॅलन्सिंग केलं का, हे विचारा. बॉयलरच्या गॅसला हात लावायचा असेल, तर गॅस सेफ नोंदणी असलेलाच माणूस हवा. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आधी घ्या.

आणि एवढं करून त्याच्यासमोर सोफा ठेवू नका, वर जाड पडदा सोडू नका. सगळी ऊब पडद्यामागून खिडकीकडे जाईल.

मंडळी, डिसेंबरात आई-बाबा पुण्याहून किंवा नागपूरहून येतात. स्वेटरवर शाल घेऊन बसतात आणि विचारलं तर म्हणतात, "नाही गं, ठीक आहे." ते थंडी वाजते म्हणून कधी सांगणार नाहीत. म्हणून हिशेब आपणच करायचा. या शनिवारी टेप घ्या, मुलांना हाताशी घ्या आणि एक खोली मोजा. आधी वॉट ठरवा, मग रंग.

ऊबेत राहा. नमस्कार.