दारू आणि यकृताची रांग
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आरोग्यावर बोलायला बॅचमधले डॉक्टर सोडून सॉफ्टवेअरवालीला उभं केलंत, याचं मलाही नवल वाटतंय. पण यकृताचं काम वाचताना ते मला ओळखीचं वाटलं. रांगेत कुठलं काम आधी घ्यायचं, हाच तिथला प्रश्न.

जेवणातली साखर साठवणं, उपाशीपोटी ती रक्तात सोडणं, चरबी जाळणं, औषधं निकामी करणं, ही सगळी कामं या दीड किलोच्या अवयवाची. दारू मात्र शरीराला कुठे साठवता येत नाही. म्हणून ती आली की रांगेत सर्वांत पुढे. यकृत तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, जे विषारीच असतं, आणि मग ॲसिटेट. यात पेशीतलं जे रसायन खर्ची पडतं, तेच चरबी जाळायलाही लागतं. मग चरबी जळायची राहते आणि यकृतातच साठत जाते. नवी साखर तयार होणंही मंदावतं. उपाशीपोटी पिणाऱ्याची, त्यातही मधुमेहाची औषधं घेणाऱ्याची साखर एकदम उतरू शकते. शेजारच्यांना वाटतं, चढली!

साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं. यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री दहानंतर चार पेग घेतलेला माणूस पहाटे पाचला भुसावळकडे गाडी काढतो, तेव्हा दारू रक्तात असतेच.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. यकृतातलं तेच एन्झाइम त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होऊ देतं. दृष्टी जाते, जीव जातो. रुग्णालयात अशा रुग्णाला कधीकधी मोजून इथेनॉल देतात, कारण एन्झाइम ते आधी हाती घेतं आणि मिथेनॉलचं विष होणं लांबतं. (हा उतारा घरी कुणी करू नये, एवढं सांगायलाच हवं. आपली बॅच मला माहीत आहे.)

यकृत दुखून सांगत नाही. आपल्या वयात सोनोग्राफीत सहज ‘फॅटी लिव्हर’ निघतं आणि रिपोर्ट कपाटात जातो. दारूमुळे साठलेली ही चरबी पिणं थांबवल्यावर बहुधा काही आठवड्यांत उतरते. सिरॉसिसचे व्रण असे सहज भरून येत नाहीत. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय कापतात, झटकेही येऊ शकतात. तिथे डॉक्टरच हवेत. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण आहे. कुणाला पत्ता, फोन हवा असेल तर मला बाजूला घेऊन विचारा. कुणासाठी, ते मी विचारणार नाही.

रात्री मळ्यात भरीत आहे. ज्यांच्या पिशवीत बाटली आहे, त्यांनी आधी पोटभर जेवावं आणि गाडीच्या किल्ल्या माझ्याकडे द्याव्यात. मी उद्या दुपारपर्यंत सावद्यातच आहे.